जहाज तोडायचं काम, अलंग ते दारूखाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सेफ्टीच्या लाइनमधला माणूस. सुरुवात मुंबईत रे रोडच्या बाजूला झाली (दारूखाना म्हणतात तो बंदराचा भाग तिथेच), नंतर अलंगला जाणं-येणं वाढलं. कुणाचा भाऊ तिकडे कामाला जातोय, कुणाचे वडील तिथून आजारी होऊन परत आलेत, कुणाला सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागलीय, आणि सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून काढतोय. प्रश्न लोकांनी ज्या भाषेत विचारले तसेच ठेवलेत.

जहाज तोडतात म्हणजे नक्की कसं? मोठं मशिन असतं का?

मशिन कसलं, गॅस कटर. बाकी क्रेन, विंच (वायर गुंडाळून ओढायचं यंत्र) आणि माणसं. अलंग गुजरातेत भावनगर जिल्ह्यात आहे, खंबातच्या आखातावर, तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो आणि म्हणूनच १९८३ साली पहिलं जहाज तिथे आणलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज त्याच्याच इंजिनावर जोरात किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ते चिखलात बसतं. मग तेल, फर्निचर, सुटं सामान काढायचं आणि पुढच्या टोकापासून मागे मागे कापत यायचं. मोठा तुकडा कापून खाली सोडतात नाहीतर क्रेनने उतरवतात, विंचने वर ओढतात, किनाऱ्यावर त्याच्या प्लेटा होतात, प्लेटा रोलिंग मिलला जातात आणि तिथून सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये. तुमच्या-माझ्या बिल्डिंगमध्ये एखादं जहाज असेलही.

खरंच एवढं धोक्याचं आहे की उगाच बोभाटा?

बोभाटा नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २००६ साली रिपोर्ट दिला होता, त्यात जहाज तोडणीत हजार कामगारांमागे वर्षाला सरासरी २ मृत्यू असा हिशोब होता. त्याच काळात खाणकामात, जे आपण सगळ्यात वाईट समजतो, तो आकडा ०.३४ होता. म्हणजे जवळजवळ सहापट. आकडा जुना आहे, तेव्हापासून अलंगमध्ये बरंच सुधारलंय, पक्की फरशी आली, क्रेन वाढल्या, ट्रेनिंग कंपल्सरी झालं, हे मी स्वतः बघितलंय. पण या आकड्यात फक्त अपघात आहेत. जो माणूस गावी परत जाऊन वीस वर्षांनी खोकून खोकून गेला तो यात नाही, कुठल्याच आकड्यात नाही.

सगळ्यात जास्त माणसं कशाने जातात?

उंचावरून पडून, अंगावर प्लेट पडून आणि आगीत. याच तीन गोष्टी फिरून फिरून येतात.

पडण्याचं कारण लोकांना वाटतं तसं निष्काळजीपणा नसतो बऱ्याचदा. काल जिथून चालत गेलात तिथला डेक आज कापलेला असतो. जहाज रोज बदलतं. बिल्डिंग बांधताना रोज एक मजला वाढतो, इथे रोज तुमच्या पायाखालचा मजला कमी होतो, आणि अंधारात, तेलकट पत्र्यावर, डोळ्यावर काळा गॉगल लावून तुम्ही त्यावर चालताय. हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी बेल्ट) दिलेला असतो हो, पण त्याचा हुक अडकवायचा कशाला? जी गोष्ट कापायचीय तिलाच अडकवून बसलेला माणूस मी बघितलाय. हसू नका, त्याला दुसरी जागाच नव्हती.

अंगावर पडण्याचं म्हणाल तर कापायचा क्रम चुकला की तुकडा अपेक्षेच्या आधी सुटतो. कुठला सांधा शेवटी ठेवायचा हे अनुभवी कटरला, म्हणजे कापणाऱ्या माणसाला, माहीत असतं, नवीन पोराला नसतं. आणि विंचची वायर. ताणाखाली वायर तुटली तर ती चाबकासारखी परत येते, मधे पाय असेल तर पाय जातो. वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि तिच्यावरून उडी मारून तर अजिबात जायचं नाही, जेवणाची सुट्टी झाली असली तरी.

गॅस फ्री सर्टिफिकेट असतं ना, मग स्फोट कसे होतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण सगळा घोळ इथेच आहे.

पहिली गोष्ट, गॅस फ्री (आत धोक्याचा गॅस नाही असं सर्टिफिकेट) दोन प्रकारचं असतं. एक माणूस आत उतरण्यापुरतं, दुसरं आत आग पेटवण्यापुरतं, म्हणजे हॉट वर्कसाठी. टाकीत श्वास घेता येतो म्हणजे तिथे कटर चालवता येतो असं नाही, आणि ही गल्लत होते.

दुसरी गोष्ट, सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवशी, त्या वेळी, मीटर जिथे धरला तिथली हवा. टँकरच्या तळाशी, कोपऱ्यात, पत्र्याच्या मागे गाळ चिकटलेला असतो. सकाळी थंड असताना मीटर शून्य दाखवतो, दुपारी पत्रा तापला, वरून कटरची ज्योत लागली की त्याच गाळातून वाफ सुटते. पाइपलाइन तर विसरूनच जातात, टाकी धुतली पण पाइपात तेल तसंच. कागद खोटा नसतो, शिळा असतो.

२८ जून २०१४ ला अलंगमध्ये एका टँकरवर स्फोट होऊन पाच कामगार गेले. पाकिस्तानात गडानीला १ नोव्हेंबर २०१६ ला टँकरवर आग लागली त्यात किमान २६. किनारा वेगळा, देश वेगळा, पण मूळ तेच: टँकर, आतला ज्वालाग्राही गॅस आणि ठिणगी.

तर विचारायचं काय? "सर्टिफिकेट आहे का" एवढंच विचारून थांबू नका. "आज सकाळी मीटर कोणी लावला, कुठे कुठे लावला" हे विचारा. मुकादम चिडेल. चिडू दे.

घाई कशाची असते एवढी?

पैशाची. जहाज बँकेच्या उधारीवर घेतलेलं असतं, व्याज रोज चढतं, आणि लोखंडाचा भाव खाली आला तर अख्ख्या जहाजात तोटा. त्यामुळे हवा खेळवायला दोन दिवस थांबा म्हटलं की वरून फोन येतो. मालक राक्षस असतात असं नाही, पण ते व्याज शेवटी कटरच्या डोक्यावर येऊन बसतं हे खरंय.

रिकाम्या टाकीत उतरायला काय हरकत आहे? त्यात तर तेल कधी नव्हतंच, पाणी होतं.

भाऊ, तीच जास्त फसवी. बॅलास्टची टाकी, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती, बराच काळ बंद असते, आत लोखंड गंजत असतं, आणि गंज म्हणजे लोखंडाने हवेतला ऑक्सिजन खाल्ला. झाकण उघडलं तर आत वास नाही, धूर नाही, स्वच्छ दिसतं, पण श्वास घेण्यासारखी हवाच नाही. बाहेर हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही असा नियम. खूपच कमी असेल तर माणूस शिडीवरच गळून पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

दुसरा प्रकार, पाणी सडलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग वास थांबतो. लोक म्हणतात गॅस गेला. गॅस गेला नाही, तुमचं नाक मेलं. तो वास थांबणं हाच धोक्याचा इशारा आहे.

आणि आत कुणी पडलेला दिसला तर उडी मारू नका. आपल्याकडे विहिरीत मोटार काढायला एक उतरतो, तो वर येत नाही म्हणून भाऊ उतरतो, मग चुलता, आणि एका घरातले तिघे जातात, पेपरात दरवर्षी वाचतोच की आपण. टाकीतही डिट्टो तेच होतं. आधी आरडाओरडा, मग हवा सोडायचा ब्लोअर, आणि आत जायचं तर सिलिंडरवाला श्वासाचा सेट लावलेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच, कमरेला दोर बांधून. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही, रुमाल ऑक्सिजन तयार करत नाही.

ऑक्सिजनच्या पाइपने अंगावरची धूळ उडवतात, थंडही वाटतं. चालतं का?

नाही. अजिबात नाही. कपड्यात ऑक्सिजन भरला की एक ठिणगी पडली तरी कपडा कापसासारखा भडकतो. ऑक्सिजनच्या जोडावर तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही तोही याच कारणाने. आणि संध्याकाळी घरी जाताना कटरचा पाइप टाकीत सोडून जायचा नाही, वर ओढून घ्यायचा. व्हॉल्व थोडा जरी गळत असेल तर रात्रभर एलपीजी तळाशी साचतो, तो हवेपेक्षा जड आहे, वर येत नाही, आणि सकाळी पहिला लायटर लावणारा जातो.

ॲस्बेस्टॉस म्हणजे ते सिमेंटचे पत्रेच ना? त्याने काय होतं?

पत्र्यात ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं, तुटेपर्यंत निदान. जहाजात ते मोकळं असतं, वाफेच्या पाइपांवर गुंडाळलेलं, बॉयलरवर लिंपलेलं, गॅस्केटमध्ये, केबिनच्या भिंतींच्या बोर्डात. सगळ्यात जास्त इंजिनरूममध्ये. नवीन जहाजात ते वापरायला जगभर पूर्ण बंदी आली २०११ पासून, पण तोडायला येतात ती जहाजं पंचवीस-तीस वर्षं जुनी, म्हणजे हा माल अजून बरीच वर्षं येत राहणार.

याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, घशात टोचत नाहीत, खोकला येत नाही. हीच पंचाईत. मिरचीची धूळ असती तर लोक पळाले असते. तंतू फुप्फुसात जाऊन बसतात ते कायमचे, आणि आजार निघतो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुस कडक होत जातं, जिना चढताना दम लागतो. फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, जो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. सिगरेट-बिडी ओढणारा असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो.

वर ज्या २००६ च्या रिपोर्टचं बोललो त्यातच आहे, अलंगला ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ९४ जणांचे एक्स-रे काढले, १५ जणांत ॲस्बेस्टॉसिसशी जुळणाऱ्या खुणा निघाल्या. शंभरात सोळा.

काढायची रीत अशी: जागा प्लॅस्टिकने बंद करायची, आतली हवा फिल्टरमधून बाहेर खेचायची, माल भिजवून काढायचा, दुहेरी पिशवीत भरून सील करायचं, वर लिहायचं. अंगावर फेकून द्यायचा सूट. कोरडं खरवडायचं नाही आणि झाडू तर मारायचाच नाही.

घरच्यांनी खास वाचा. कामाचे कपडे घरी आणून बायकोने झटकून धुतले तर ते तंतू तिच्याही छातीत जातात. नवरा गोदीत आणि आजार बायकोला अशा केसेस जगात झालेल्या आहेत. कपडे प्लॉटवरच, म्हणजे जहाज तोडायच्या आवारातच, बदला, तिथेच आंघोळ करा.

मास्क कुठला? गमछा बांधला तर?

गमछा उन्हासाठी ठीक. ॲस्बेस्टॉसला तो जाळीच्या दारासारखा, डास अडेल, धूर नाही. कोविडमध्ये वापरायचो तो निळा मास्कही नाही. तोंडाला घट्ट बसणारा, दोन्ही बाजूला फिल्टर लावायचा रबरी मास्क लागतो आणि फिल्टर बारीक धुळीचा, पी १०० दर्जाचा. दाढी असेल तर तो बसत नाही, कडेने हवा येते. आणि धुळीचा फिल्टर गॅस अडवत नाही, गॅसचा वेगळा असतो, आणि ऑक्सिजनच नसेल तिथे कुठलाच फिल्टर कामाचा नाही. हे तीन वेगळे विषय आहेत आणि दुकानदार तिन्हीला एकच मास्क देतो.

गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूळ निघून जाते म्हणतात?

गूळ घशातून पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते. रस्ताच वेगळा आहे. खा की गूळ, चांगला असतो, पण मालक गूळ वाटतो आणि मास्क देत नाही असं असेल तर तुम्हाला स्वस्तात गुंडाळलंय. दारूने गॅस उतरतो हा त्याच्याही पुढचा शोध.

दिवसभर कापलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, सकाळी गायब. मलेरिया?

मलेरियाची टेस्ट करून घ्याच, पण गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा किंवा पाइप कापत असाल तर जस्ताच्या धुराचा ताप असू शकतो. तोंडाला धातूची चव, अंगदुखी, ताप, एक-दोन दिवसांत बरं. सुट्टीनंतर सोमवारी जास्त जाणवतो म्हणून त्याला सोमवारचा ताप असंही म्हणतात. शरीर सवय करून घेतं म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

त्याहून वाईट शिसं. जहाजाच्या जुन्या रंगात शिसं असतं, रंगावरूनच ज्योत फिरवली की त्याचा धूर नाकात. त्याचा ताप येत नाही, ते रक्तात साचत जातं: पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, चिडचिड, हात थरथरणं, पुढे मनगट उचलता येत नाही. उपाय अगदी साधा आहे पण कोणी करत नाही, जिथून कापायचं त्या रेषेवरचा रंग आधी खरवडून काढायचा, तोही मास्क लावून. आणि हात न धुता भाकरी-बिडी काही तोंडात घालायची नाही. रक्तातलं शिसं मोजायची टेस्ट असते, मागून घ्या.

डोळे, पाठ, कान?

कटरचा गॉगल काळा हवा, साधा पांढरा चश्मा ठिणगी अडवतो, ज्योतीचा झगझगाट नाही. कानाला प्लग, बहिरेपणा परत जात नाही. पाठीचं म्हणाल तर खांद्यावर प्लेट वाहणं कमी झालंय, क्रेन आल्यामुळे, जिथे अजून चालतं तिथे चाळिशीत मणके जातात. जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

हाँगकाँग कन्व्हेन्शन आलं म्हणतात, आता सगळं सेफ झालं का?

हाँगकाँग कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, २००९ साली ठरलं आणि लागू झालं २६ जून २०२५ ला. सोळा वर्षं लागली. भारत २०१९ मध्येच त्यात सामील झाला आणि आपला रिसायकलिंग ऑफ शिप्स कायदाही २०१९ चाच. यात चांगली गोष्ट काय, तर मोठ्या जहाजाबरोबर त्यातल्या घातक मालाची यादी यायला हवी, कुठल्या भागात काय आहे ती, आणि प्रत्येक जहाजासाठी तोडायचा प्लॅन लिहून मंजूर करून घ्यायचा. आधी कटरला कापल्यावर कळायचं आत काय होतं.

आठवत असेल तर २००६ मध्ये फ्रान्सची क्लेमेंसो नावाची विमानवाहू नौका अलंगला येत होती, ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती अर्ध्या वाटेतून परत बोलावली. शेवटी ती तोडली इंग्लंडमध्ये. नौका तीच, ॲस्बेस्टॉस तेच, फक्त तिथल्या कामगारांची गणती करणारं कोणीतरी होतं.

यादी आली म्हणजे धोका गेला असं नाही. यादी प्लॉटच्या ऑफिसात इंग्रजीत फाइलला असते आणि कटर ओडिशा, यूपी, बिहार, झारखंडचा. त्याच्या भाषेत त्याला सकाळी कोणी सांगितलं का, मी एवढंच बघतो.

दारूखान्यात पण जहाजं तोडतात ना?

हो, मुंबईत हे काम अलंगच्या कितीतरी आधीपासूनचं. आपली जुनी विक्रांत दारूखान्यातच तोडली, २०१४ च्या अखेरीपासून, तिच्या लोखंडाची मोटरसायकल पण निघाली, लोकांनी अभिमानाने घेतली. कापणाऱ्यांचे फोटो मात्र फार कोणी छापले नाहीत.

इथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्ट ट्रस्टच्या गोदी कामगारांच्या युनियनने २००३ च्या सुमारास या तोडणी कामगारांना एकत्र करायला घेतलं तेव्हा सुरुवात भाषणांनी केली नाही, प्यायचं पाणी आणि फर्स्ट एडने केली. हे कामगार कोणाच्याच रजिस्टरला धड नव्हते. तिथून पुढे तेच काम अलंगपर्यंत गेलं.

आमचा माणूस कॉन्ट्रॅक्टरकडे होता, प्लॉटमालक म्हणतो माझा संबंध नाही. भरपाई?

संबंध आहे. जहाज तोडणं हे फॅक्टरीज ॲक्टच्या व्याख्येतच कारखान्याचं काम म्हणून लिहिलेलं होतं, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, तो नंतर कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करो नाहीतर न करो. १९२३ च्या भरपाई कायद्याचं सूत्र असं: मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा आकडा. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. पगार १५,००० धरला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. कायम पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, कायद्याचं नाव बदललं, सूत्र तेच. ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत) नाव असेल तर मात्र पैसे ईएसआयकडून, दोन्हीकडून नाही.

मुदत दोन वर्षं. आणि अपघातानंतर कोणी पाकीट घेऊन घरी आलं, "हे घ्या आणि इथे अंगठा द्या", तर आधी वरचा गुणाकार करून बघा. मी एका घरी गेलो होतो तिथे दीड लाखावर सही झालेली होती. हिशोबाने अकरा होत होते.

कुठले कागद सांभाळायचे?

कामगाराच्या नावाचा काहीही कागद. गेट पास, ट्रेनिंगचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेत पैसे आल्याची नोंद, पीएफ नंबर, एक्स-रे. मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवून ठेवा. कारण आजार तीस वर्षांनी येणार आणि तोपर्यंत प्लॉट तीन मालकांच्या हातून गेलेला असतो.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या केसमध्ये सांगितलंय की प्रत्येक कामगाराचं आरोग्याचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा सोडल्यानंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं. हे मी प्लॉटवर सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी तांब्याचा ताम्रपट मागितला.

अलंगचं जुनं फर्निचर स्वस्तात मिळतं, घरी आणू का?

टेबल, खुर्ची, भांडी, गाद्या, आणा खुशाल. जहाजातले जुने भिंतीचे बोर्ड, आगीपासून वाचवणारी दारं, पाइपवरचं पांढरं कापडासारखं गुंडाळलेलं, हे नको. आणलंच असेल तर ड्रिल मारू नका, कापू नका.

काम सोडून पंधरा वर्षं झाली, आता दम लागतो. डॉक्टर टीबीची औषधं देतोय.

टीबी असूही शकतो, औषध स्वतःहून बंद करू नका. पण थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला का ते विचारा. नुसत्या एक्स-रेवरून चालू केलं असेल तर डॉक्टरना स्पष्ट सांगा की मी जहाजं तोडायचो, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, ॲस्बेस्टॉसमध्ये. ते तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळणार नाही, केसपेपरवर व्यवसाय म्हणून "मजुरी" एवढंच लिहिलेलं असतं. श्वासाची फुंकायची टेस्ट आणि छातीचा सीटी स्कॅन याबद्दल विचारा. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या छातीच्या विभागात जा, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, त्यांनीच अलंगचे एक्स-रे वाचले होते. आणि केसपेपरवरचं ते "मजुरी" खोडून "जहाज तोडणी" असं त्यांच्याच हाताने लिहून घ्या.